ट्यूब अ‍ॅम्प, डीआय बॉक्स आणि न जाणारा हम: पुण्यातल्या एका होम स्टुडिओचं प्रकरण

जागा पुण्यातली, पेठेतल्या जुन्या बिल्डिंगमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. आतल्या खोलीत लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) आणि दोन पॉवर्ड मॉनिटर, बाहेरच्या खोलीत १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात), त्यात दोन ईएल८४ ट्यूब आणि १२ इंची ८ ओहमचा स्पीकर. गिटार सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी कॉइल). बँडला आपली गाणी घरीच रेकॉर्ड करायची होती आणि पद्धत त्यांनी चांगली ठरवली होती, म्हणजे प्रत्येक टेकला एका चॅनेलवर कोरी गिटार (अ‍ॅम्पमध्ये जायच्या आधीचा सिग्नल) घ्यायची आणि दुसऱ्यावर अ‍ॅम्पचा आवाज, म्हणजे नंतर टोन आवडला नाही तर कोरी गिटार परत अ‍ॅम्पमधून काढता येते. अडचणी दोन. एक म्हणजे हम, म्हणजे मेन्सच्या विजेची सतत घुमणारी घुंग, आणि दुसरी रात्री दहानंतर शेजारी. मला बोलावलं ते हमसाठी.

वायरिंग असं होतं. गिटार डीआय बॉक्सच्या (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला चालेल असा करणारा डबा) इनपुटला, डीआयच्या थ्रू जॅकमधून (गिटार तशीच पुढे देणारा) साधी केबल अ‍ॅम्पला, आणि डीआयच्या एक्सएलआरमधून (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) लांब केबल आतल्या खोलीत इंटरफेसला. डीआय स्वस्तातला अ‍ॅक्टिव्ह, ४८ व्होल्ट फँटमवर (इंटरफेस माइकच्या केबलमधूनच देतो ती वीज) किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आत ट्रान्सफॉर्मर नाही. अ‍ॅम्पचा प्लग बाहेरच्या खोलीतल्या सॉकेटला, बाकी सगळं आतल्या खोलीतल्या एक्स्टेन्शन बोर्डला. पोरांनी प्लगइन लावून हम काढायचा प्रयत्न केला होता, नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला तर एका गाण्याच्या सुरुवातीला जे सुटे सूर वाजतात त्यांची शेपटीच कापली जात होती आणि गेट सैल केला की हम परत हजर.

मी आधी कागद घेतला आणि सिग्नल कुठून कुठे जातो ते काढलं, आणि त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने फक्त अर्थची वाट काढली. हे दुसरं चित्र बहुतेक जण काढतच नाहीत आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच असतं. अ‍ॅम्पची चेसिस (धातूचा सांगाडा) थ्री-पिनमधून बिल्डिंगच्या अर्थला. अ‍ॅम्पचा इनपुट जॅक चेसिसला. तिथून गिटार केबलची शील्ड (बाहेरची जाळी) डीआयला, डीआयमधून एक्सएलआरची पिन १ इंटरफेसला, इंटरफेसमधून जॅक केबलची शील्ड मॉनिटरला, आणि मॉनिटर परत थ्री-पिनमधून अर्थला. पूर्ण वेटोळं. दोन खोल्यांच्या सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला की या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरणार, आणि तो फिरतो नेमका ऑडिओच्या शील्डमधून.

पण कागदावर दिसलं म्हणून तेच खरं असं नाही, म्हणून तपासलं. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर केला, हम तसाच, म्हणजे पिकअप हवेतून पकडतोय असं नाही (पिकअपचा हम असता तर गिटार घेऊन जागेवर गोल फिरलं की कमीजास्त झाला असता). मग स्पेक्ट्रम बघितला, ५०, १५० आणि २५० वर सुळके, १०० वर फारसं काही नाही. अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असते तर १०० हर्ट्झ वर आला असता, कारण रेक्टिफायरनंतरचा रिपल आपल्याकडे १०० चा असतो. मग लॅपटॉपचा चार्जर काढला, तर हममध्ये मिसळलेली जी बारीक चिरचिर होती ती गेली पण मूळ हम राहिला. मग मॉनिटरच्या केबल काढून हेडफोनवर ऐकलं, लॅपटॉप बॅटरीवरच, आणि एकदम शांत. मॉनिटर लावले, हम आला. चार्जर लावला, चिरचिर आली. म्हणजे आतल्या खोलीतून अर्थला जाणाऱ्या दोन वाटा, एक मॉनिटरमधून आणि एक चार्जरमधून, आणि बाहेरच्या खोलीत तिसरी अ‍ॅम्पमधून.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती. मी जायच्या आधी कोणीतरी सल्ला दिला होता की अ‍ॅम्पला टू-पिन कन्व्हर्टर लावा, हम जाईल. त्यांनी लावला होता आणि हम खरंच गेला होता. मग तो काढला का, तर गिटारवाला रिहर्सलला गाताना माइकजवळ गेला आणि ओठाला सणसणीत झटका बसला. मी मुद्दाम ती परिस्थिती परत जुळवली, माणसाला लांब ठेवून, आणि मल्टिमीटर एसीवर लावून एक प्रोब गिटारच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला, तर ८० व्होल्टच्या वर आकडा. हे लीकेजचं व्होल्टेज, त्यात करंट फार नसतो म्हणून नुसता झटका बसतो. पण अ‍ॅम्पच्या आत एखादी वायर सुटून चेसिसला लागली तर त्याच तारांवर पूर्ण २३० येणार आणि तेव्हा ते झटक्यावर भागत नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर माइकला हात लावताना शॉक लागून गेला, कारण अर्थिंगमधलाच दोष.

आणि यातली मेख बघा. डीआय जोडलेला असताना टू-पिन लावूनही झटका बसत नव्हता, कारण अ‍ॅम्पची चेसिस तेव्हा एक्सएलआर केबलच्या शील्डमधून इंटरफेस, मॉनिटर असं करत करत अर्थला जात होती. म्हणजे वेटोळं तुटलं, हम गेला, पण अ‍ॅम्पचं पूर्ण अर्थिंग त्या बारीक जाळीच्या तारेवर आलं. फॉल्ट झाला असता तर तो करंट त्या शील्डमधून आणि इंटरफेसच्या बोर्डामधून गेला असता. रिहर्सलला डीआय काढून गिटार सरळ अ‍ॅम्पला लावली तेव्हा तेवढाही अर्थ राहिला नाही आणि ओठ मध्ये आला. त्यामुळे ते 'हम गेला म्हणजे बरोबर झालं' हे डोक्यातून पूर्ण काढा. अर्थची पिन तोडायची नाही, टेप लावायची नाही, टू-पिनमध्ये कोंबायची नाही, कुठल्याही आवाजासाठी नाही. वेटोळं तोडायचं ते ऑडिओच्या वाटेत, मेन्सच्या वाटेत कधीच नाही.

ऑडिओच्या वाटेत तोडायचं तर डीआयवर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे शील्डची जोड तोडायचं, बटण असतंच की, ते का नाही दाबलं? दाबलं होतं. फँटमवर असताना दाबलं की खरखर आणि वेगळाच गोंगाट, कारण या बॉक्समध्ये लिफ्ट म्हणजे पिन १ सरळ सोडून देणं, आणि फँटमचा करंट परत जातो तो पिन १ मधूनच. मग तो बिचारा परतीची वाट शोधत गिटार केबलच्या शील्डमधून, अ‍ॅम्पमधून, भिंतीतून फिरून येतो. बॅटरी टाकून लिफ्ट दाबली तर हम पुष्कळ उतरला पण गेला नाही, आणि सेशनच्या मध्येच बॅटरी बसली की गिटारचा आवाज घशात अडकल्यासारखा यायला लागतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय आणला, एका ओळखीच्या साउंडवाल्याकडून आधी उसना. त्यात इनपुटचं वाईंडिंग आणि आउटपुटचं वाईंडिंग यांचा तांब्याने एकमेकांशी संबंधच नाही, सिग्नल जातो तो कोअरमधल्या चुंबकीय क्षेत्रातून. लिफ्ट दाबली की शील्डची वाटही बंद. फँटम चालू राहिला तरी फरक पडत नाही, कारण पिन २ आणि ३ वर सारखेच ४८ व्होल्ट असतात आणि वाईंडिंगच्या दोन टोकांत फरक नसेल तर त्यातून डीसी वाहत नाही. अ‍ॅम्पचा थ्री-पिन नीट भिंतीत, मॉनिटरचे नीट बोर्डात, चार्जर लावलेला, लिफ्ट दाबली, आणि हम गेला. ५० चा सुळका नॉइज फ्लोअरमध्ये विरघळला. गिटारवाला म्हणाला, "दादा, चॅनेल म्यूट आहे का?" मी म्हटलं वाजव.

वाजवलं तर दुसरी तक्रार, तीही खरी होती. टोनची धार गेली. डीआयच्या ट्रान्सफॉर्मरचा रेशो साधारण १२:१ असतो, म्हणजे व्होल्टेज १२ पट खाली, पण इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा) १२ च्या वर्गाने म्हणजे १४४ पट बदलतो. पलीकडे माइक प्रीअ‍ॅम्पचे १ ते दीड किलोओहम असतील तर गिटारला अलीकडून दीड-दोनशे किलोओहम दिसतात, यापेक्षा जास्त नाही. अ‍ॅम्पचा इनपुट एरवी १ मेगओहमचा असतो. दोन्ही समांतर लागले की पॅसिव्ह पिकअपवर भार पडतो आणि वरची चमक दबते. हंबकरवाल्याला (दोन कॉइलचा पिकअप) कदाचित एवढं कळणार नाही, सिंगल कॉइलला लगेच कळतं. यावर नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. त्याच्या पेडलबोर्डवर बफरवाला ट्यूनर होता (बफर म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट), तो डीआयच्या आधी लावला. बफरच्या पुढे १४० किलोओहम असो की ५०, पिकअपला फक्त बफर दिसतो. चमक परत आली. अ‍ॅक्टिव्ह डीआयचा मोठा फायदा खरं तर हाच, त्याचा इनपुट १ मेगओहमच्या आसपास असतो, आणि अ‍ॅक्टिव्हमध्येही आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असलेले चांगले बॉक्स मिळतात, पण एकच घ्यायचा असेल तर मी पॅसिव्ह आणि चांगला ट्रान्सफॉर्मर सांगेन. त्यातले पैसे लोखंड-तांब्याला जातात. साठच्या दशकात डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बेस माइक न लावता सरळ डेस्कमध्ये घेत, तेव्हापासून ही कल्पना फारशी बदललेली नाही.

मध्येच एक प्रयोग झाला तो सांगतो, कारण हे बरेच जण करतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ६०० ओहम ते ६०० ओहमचे छोटे ट्रान्सफॉर्मर मिळतात, मॉनिटरच्या वाटेत टाकले तर तिथलंही वेटोळं तुटेल असा विचार करून पोरांनी दोन आणले. हम गेला आणि बेसही गेला. हे ट्रान्सफॉर्मर टेलिफोनच्या कामाचे, फोनला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, कोअर नखाएवढी. गिटारची खालची ई ८२ हर्ट्झला आहे, आणि कोअर किती भरते (म्हणजे चुंबकीय क्षेत्राची मर्यादा किती जवळ येते) ते व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सीवर ठरतं, म्हणजे खालचा सूर जोरात आला की छोटी कोअर सगळ्यात आधी भरते आणि आवाज चेपतो. वस्तू वाईट नाही, जागा चुकली. मॉनिटरला शेवटी बॅलन्स्ड टीआरएस केबल (शील्डच्या आत सिग्नलच्या दोन तारा) लावल्या, आधी टीएस (एकच तार) होत्या, आणि त्याने पुरलं.

आता अ‍ॅम्पचा आवाज. दिवसा माइक लावून घेत होते त्यात काही अडचण नव्हती. रात्रीसाठी त्यांना स्पीकर आउटमधून सिग्नल घ्यायचा होता. पहिला प्रश्न आला तो हाच की डीआय सिग्नल घेतोयच ना, मग स्पीकर काढून टाकू, शांतच शांत. हे ट्यूब अ‍ॅम्पला करायचं नाही. डीआय म्हणजे लोड नव्हे. त्याचा इम्पीडन्स लाखभर ओहमचा, अ‍ॅम्पला हवेत ८. अ‍ॅम्पला लोड नाही मिळाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाईंडिंगवर) प्रचंड व्होल्टेज उसळतं, ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा वाईंडिंगचं इन्सुलेशन फुटतं, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा अ‍ॅम्पमधला सगळ्यात महाग आणि बदलायला सगळ्यात कटकटीचा भाग. ट्रान्झिस्टरचे बहुतेक अ‍ॅम्प लोडशिवाय तगतात, ते शॉर्टला घाबरतात. दोन्हीचा स्वभाव उलटा आहे.

म्हणून स्पीकर जागेवर ठेवून, समांतर डीआय. ८ ओहमला समांतर १४० किलोओहम लावले तर अ‍ॅम्पला कळतही नाही. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅम्पमधून डीआयला आणि डीआयच्या थ्रूमधून स्पीकरला असं दाखवतात, मला ते आवडत नाही, कारण मग स्पीकरचा सगळा करंट डीआयच्या जॅकमधून जातो आणि कोणाच्या पायाने केबल निघाली की लोड गेला. या कॉम्बोला मागे दोन स्पीकर जॅक होते. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, मल्टिमीटर लावला, दोन्ही जॅकच्या टिपमध्ये (टोकाच्या भागात) शून्य ओहम आणि दोन्हींच्या स्लीव्हमध्येही (बाहेरच्या भागात) शून्य, म्हणजे जॅक खरंच समांतर. हे बघणं गरजेचं आहे, कारण काही अ‍ॅम्पमध्ये दुसऱ्या जॅकमध्ये प्लग घातला की आतल्या आत आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा टॅप (स्पीकरच्या ओहमप्रमाणे जोडायची जागा) बदलतो, आणि फेंडरच्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये मुख्य जॅक रिकामा असला की आउटपुट शॉर्ट होतो. पहिल्या जॅकला स्पीकर, जाड स्पीकर केबलने. दुसऱ्याला डीआय, तिथे करंट नाही त्यामुळे साधी गिटार केबल चालते.

लेव्हलचा हिशोब त्यांच्यासमोरच केला. १५ वॅट, ८ ओहम, १५ गुणिले ८ म्हणजे १२०, त्याचं वर्गमूळ साधारण ११ व्होल्ट, म्हणजे +२३ डीबीयू (ऑडिओच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप). त्यांच्या इंटरफेसचा माइक इनपुट जास्तीत जास्त +९ डीबीयू घेतो, हे त्याच्या पुस्तिकेत छापलेलं. १२:१ ट्रान्सफॉर्मर साडेएकवीस डेसिबल खाली आणतो, म्हणजे +१.५ च्या आसपास, मग पॅड (सिग्नल कमी करणारं डीआयवरचं बटण) कशाला असं एकाने विचारलं आणि प्रश्न रास्त होता. पॅड प्रीअ‍ॅम्पसाठी आहेच, पण त्याआधी तो ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठी आहे. पूर्ण फाटलेला ट्यूब अ‍ॅम्प छापील १५ वॅटच्या बराच वर जातो, आणि एवढा सिग्नल सरळ डीआयच्या वाईंडिंगवर टाकला की खालच्या सुरांना कोअर भरते आणि अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये ट्रान्सफॉर्मरचं डिस्टॉर्शन मिसळतं. २० डेसिबलचा पॅड ट्रान्सफॉर्मरच्या आधी लागतो, त्यामुळे कोअरला +३ च दिसतात आणि प्रीअ‍ॅम्पला उणे १८-१९. तिथून गेन थोडासा चढवला की झालं. पॅड दाबून आणि न दाबता खालची ई जोरात वाजवून दोन्ही फाइल ऐकल्या, फरक साध्या हेडफोनवरही कळत होता.

ऐकल्यावर मात्र सगळ्यांची तोंडं उतरली. डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारखा आवाज. यात बिघाड काही नाही. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काही देतच नाही, वरचा सगळा कचरा तोच गाळतो, आणि आपण सिग्नल त्याच्या आधीच उचलला. त्यामुळे रेकॉर्ड झाल्यावर त्या ट्रॅकवर कॅबिनेटचा आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेटचा आवाज टिपलेली फाइल), लावायचा. १२ इंची उघड्या पाठीच्या कॅबिनेटचा एक साधा आयआर लावला आणि आवाज माणसात आला.

स्पीकर मात्र वाजत होताच, म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न तिथेच. रात्रीसाठी डमी लोड केला, ८ ओहम १०० वॅटचा अ‍ॅल्युमिनियम कवचाचा वायरवाउंड रेझिस्टर, मोठ्या हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवलेला, जाळीच्या डब्यात. अ‍ॅम्प १५ वॅटचा असताना १०० कशाला, तर फाटलेल्या आवाजात तो २५-३० वॅट ओततो आणि रेझिस्टरचा छापील आकडा हीटसिंक धरूनच असतो. आवाजाबद्दल माझं मत सांगतो. क्लीन भागांना हा लोड चालतो. ओव्हरड्राइव्हला बोटाखाली थोडा मेल्यासारखा वाटतो, कारण खऱ्या स्पीकरचा इम्पीडन्स रेझोनन्सला, म्हणजे साधारण ७०-१०० हर्ट्झला, अनेक पटींनी वर जातो आणि ट्रेबलकडे परत चढतो, ट्यूब अ‍ॅम्प त्या चढउताराप्रमाणे व्होल्टेज देतो, आणि रेझिस्टर सगळीकडे ८ च. रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्समध्ये कॉइल आणि कपॅसिटर टाकून तो आकार बनवलेला असतो, पण तो त्यांच्या बजेटच्या बाहेर होता. म्हणून ठरलं असं की रात्री रेझिस्टर लावून वाजवायचं, कोरी गिटार दुसऱ्या चॅनेलवर आहेच, आणि ज्या ट्रॅकला खरा स्पीकर हवा ते रविवारी दुपारी (कोरी गिटार परत खऱ्या अ‍ॅम्पमधून काढून) रीअ‍ॅम्प करायचे.

बेसवाल्याचाही विषय निघाला, त्याला आपल्या क्लास डी हेडच्या (स्पीकर वेगळा असलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प) स्पीकर आउटला हाच डीआय लावायचा होता. त्याला थांबवलं. अशा कित्येक हेडचा आउटपुट ब्रिज्ड असतो, दोन्ही टोकं जिवंत, एकही ग्राउंडला नाही, आणि लिफ्ट न दाबलेला डीआय लावला की एक टोक सरळ ग्राउंडला शॉर्ट. त्याच्या हेडला मागे स्वतःचा एक्सएलआर डीआय आउट होता, तोच वापरायचा.

रीअ‍ॅम्पिंगला वेगळा बॉक्स मिळतो. जॉन कुनिबर्टी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने तो रीअ‍ॅम्प याच नावाने बाजारात आणला होता. यांनी उसना पॅसिव्ह डीआय तोपर्यंत विकतच घेतला होता, तोच उलटा लावला, इंटरफेसच्या लाइन आउटमधून अ‍ॅडॅप्टर लावून एक्सएलआरमध्ये आणि इनपुट जॅकमधून अ‍ॅम्पला. उलटा लावला की तोच ट्रान्सफॉर्मर १२ पट वर चढवतो, आणि छोटं वाईंडिंग माइक लेव्हलचं आहे, त्यामुळे लाइन आउट आधी ४० डेसिबल खाली आणून मगच केबल लावली आणि हळूहळू वर घेत मूळ गिटार सरळ अ‍ॅम्पला लावल्यावर जेवढा गेन येतो तेवढ्यावर आणलं. लिफ्ट दाबलेलीच, आणि अ‍ॅम्पचा थ्री-पिन भिंतीत. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला साधारण ४२ सॅम्पल उशीर येतो, म्हणून परत घेतलेला ट्रॅक कोऱ्या गिटारच्या ठोक्याला जुळवून सरकवायचा. जुना अ‍ॅक्टिव्ह डीआय आता कीबोर्डला लावलाय, तिथे तो बॅटरीवर मजेत चालतोय.